आमचे भावोजी आणि चहापुरते काका

आमचे धाकटे भावोजी ज्या खोलीत शिरतात, तिथली माणसं थोड्याच वेळात उजेडाकडे तोंड करून बसलेली असतात. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही सांगत नाही. पावसाळ्यात छत्री उलटी होते तसा हा प्रकार आहे, त्याला इलाज नाही. घरचं बारसं असो, सोसायटीची मीटिंग असो, दवाखान्यातली रांग असो, भावोजी आले की कुणाची तरी खुर्ची सरकते, कुणाची तरी मान वळते आणि कुणाला तरी "तुम्ही जरा मागे, हां, तिथंच" असं ऐकावं लागतं. एकदा महाडच्या एस.टी. स्टँडवर आम्ही पोलादपूरच्या गाडीची वाट बघत होतो. या गृहस्थांनी बाकावरच्या एका अनोळखी आजींना अदबीनं हात धरून उठवलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं. म्हणाले, "आजी, इथं तुमचा चेहरा छान दिसतो." आजी उसळल्या, "माझा चेहरा बघाया कोण येतंय रे? गाडी कवा येतेय ती बघ." पण बसल्या मात्र तिथंच, आणि गाडी येईपर्यंत पदर सारखा करत राहिल्या.

टीव्हीच्या मालिकांत भावोजी आधी नट होते, आता दिग्दर्शक आहेत. म्हणजे जगाच्या दृष्टीनं ते दिग्दर्शक पुष्कळ उशिरा झाले. मला विचाराल तर ते माझ्या लग्नातच झाले होते. माझं सासर म्हणजे आंबेनळी घाटाच्या वाटेवरची एक वाडी. पोलादपूर सोडल्यावर रस्ता चढायला लागतो, आणि नव्या माणसाच्या पोटात ढवळायला लागतं तेवढ्यात आमची वाडी येते. तिथल्या मांडवात मी रीतीप्रमाणे मान खाली घालून बसले होते. फोटोवाल्याच्या काखेतून एका काटकुळ्या पोरानं डोकं बाहेर काढलं आणि मला म्हणाला, "वयनी, मान वर कर गो, नायतर नुस्त्या मुंडावळ्याच येतील फोटोत." सासरच्या माणसानं मला उद्देशून काढलेलं हे पहिलं वाक्य. मी मान वर केली. त्या लग्नाचा तेवढाच एक फोटो धड आलेला आहे.

आमचे हे तेव्हा एस.टी.त कंडक्टर होते आणि महाडला बाजारपेठेच्या मागे आमचं बिऱ्हाड होतं. वाडीत पुढची शाळा नव्हती म्हणून भावोजी आमच्याकडे राहायला आले. ते हाफपँटीत होते आणि मी नुकती साडीत होते, पण दीर तो दीर. त्यामुळे "भावोजी, नाक पुसा," "भावोजी, अंघोळीला निघता की पाणी ओतू अंगावर?" अशा थाटात मी त्यांना वाढवलं. ते मला अगं-तुगंच करायचे, पण मानानं वागवायचे. शाळेतून आले की दप्तर टाकून त्या दिवशी वर्गात काय काय झालं ते सगळ्यांच्या आवाजात करून दाखवायचे. त्यातून माझीही सुटका नसे. माझ्याकडे हेडमास्तरांचं काम. मी तव्यावर तांदळाची भाकरी टाकता टाकता "अंगठे धर!" असं ओरडायचं. पहिल्यांदा मी नुसतीच ओरडले, तर म्हणाले, "असं नाय वयनी. त्यांना आपला राग आलेला नसतो. त्यांना घरी जायची घाई असते. तसं ओरड." मी घाईनं ओरडले. भाकरी करपली, पण हेडमास्तर हुबेहूब झाले होते, हे मलासुद्धा कळलं.

पुढे आमच्याकडचे सगळे जातात तसे भावोजीही मुंबईला गेले. आमच्या प्रत्येक वाडीची मुंबईत गावकीनं घेतलेली एक खोली असते. वाडीतलं कुणीही नोकरीला गेलं की आधी त्या खोलीत पथारी टाकायची. तिथं रात्रपाळीची माणसं दिवसा झोपत आणि दिवसपाळीची रात्री, आणि भावोजी दोन्ही वेळा आरशासमोर उभे राहून मरायची प्रॅक्टिस करत. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ज्याला मरता येतं त्याला काम मिळतं. छातीवर हात ठेवून भावोजी कोसळले की खाली झोपलेल्या कुणाच्या तरी अंगावर पडत. वाडीतलेच एक चुलते शेवटी उठून बसले आणि हात जोडून म्हणाले, "बाबा रे, मेलास तर एकदाच मर, आमाला नीज येऊ दे." हा किस्सा ते चुलते वाडीत अजून सांगतात आणि दर वेळी त्यात भावोजींच्या पडण्याचा आवाज वाढत जातो.

पहिलं काम मिळालं ते पाठीचं. म्हणजे एका पोलीस इन्स्पेक्टरच्या मागे उभ्या असलेल्या हवालदाराचं, आणि दाखवली फक्त पाठ. वाडीत तेव्हा एकाच घरी टीव्ही होता. तिथं सगळी वाडी जमली. पाठ आली आणि गेली. कुणाला काही कळलं नाही. एकट्या सासूबाई ठामपणे म्हणाल्या, "त्यो कान आपला हाय." त्या कानावर वाडीनं पेढे खाल्ले.

मग हळूहळू पाठीचा चेहरा झाला. डॉक्टर झाले, वकील झाले, मुलगी बघायला आलेल्यांतले मधले मामा झाले, आणि अखेर एका मालिकेत त्यांना दिराचं मोठं काम मिळालं. हा दीर महानालायक. भाऊ परगावी गेल्याची संधी साधून तो गरीब वहिनीचा छळ करतो, तिच्या पोराला आश्रमात टाकतो आणि पावसात तिची ट्रंक अंगणात फेकतो. ती ट्रंक फेकली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले, तर चवदार तळ्याच्या वाटेवर बसणाऱ्या भाजीवालीनं माझ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं, हिच्याच घरी काही वाईट झालं. तिनं कोथिंबिरीची एक अख्खी जुडी माझ्या पिशवीत कोंबली. "ने गो बाय. तुज्या नशिबी असा दीर." मी सांगायला गेले की अगं, तो खरा फार गुणी आहे, परवाच मला साडी पाठवली आहे. ती आणखीच कळवळली. "तू तसंच बोलनार गो. घरची बाई आनिक काय बोलंल?" मालिका चालू होती तोवर मला कोथिंबीर विकत घ्यावी लागली नाही. भावोजी दिवाळीला आले तेव्हा त्यांना मी मुद्दाम तिच्याकडे घेऊन गेले. तिनं त्यांना सडकी वांगी दाखवली आणि म्हणाली, "तुला हीच." भावोजींना एवढा आनंद मी बक्षीस मिळाल्यावरही झालेला पाहिला नाही.

आणि अशी सगळी भरभराट चालू असताना ते कॅमेऱ्यासमोरून उठले आणि मागे जाऊन उभे राहिले. झालं असं की, सेटवर स्वतःचं वाक्य बोलून झालं की हे दुसऱ्याला सांगायचे, तू असा वळ, तू कप खाली ठेवून मग बोल. तिथल्या दिग्दर्शकाचं एक दिवस डोकं फिरलं. तो टोपी काढून यांच्या डोक्यावर ठेवत म्हणाला, "मग तूच कर ना!" तो रागावून चहाला गेला आणि परत येईपर्यंत यांनी तीन प्रसंग उरकले होते. वाडीला मात्र हे प्रमोशन पटलं नाही. शिमग्याला गेलो की जो तो विचारी, "काय रे, दिसत नाय हल्ली? काडला काय?" टीव्हीवर दिसणारा माणूस दिसेनासा झाला म्हणजे त्याला काढलाच, हा सरळ हिशेब. आमच्या ह्यांनाही तो आतून बोचत होता. त्यांनी भावाला एवढंच विचारलं, "म्हणजे आता तू दिसणारच नाहीस?" भावोजी म्हणाले, "नाही." मग बराच विचार करून हे मला समजावून सांगायला लागले, "कळलं मला. कंडक्टरचा कंट्रोलर झाला तो. आता गाडीत बसायचं नाही, गाडी सोडायची." हे स्वतः तोवर महाड आगारात कंट्रोलर झाले होते, तेव्हा यापुढे त्यांनी या विषयावर कुणाला बोलू दिलं नाही.

दिग्दर्शक झाल्यापासून त्यांच्याबरोबर कुठं जायचं म्हणजे जपून जावं लागतं. महाडला मोठा पूर आला त्या वर्षी आमच्या घरात कमरेएवढा चिखल होता. भावोजी निरोपाची वाट न बघता आले आणि फावडं घेऊन चिखल उपसायला लागले. हात सोलून निघाले, पण कुरकूर नाही. मात्र दर थोड्या वेळानं कंबर सरळ करून म्हणायचे, "वयनी, तू दारातून बाजूला हो गो, मागचं सगळं झाकतेस." मागचं म्हणजे चिखलच. एकदा हिरकणीवाडीला त्यांचं शूटिंग होतं. मालिकेची नायिका नवस फेडायला गडावर निघालेली आणि पायथ्याला ताक-झुणकाभाकरवाल्या एका मावशींनी तिच्याकडे नुसतं बघायचं, एवढंच काम. मावशी बघेनात. "रोज इतकी मानसं चढतात नि उतरतात, हिच्यात काय हाय बघन्यासारखं?" भावोजींनी अर्धा तास समजूत काढली. शेवटी शॉट सुरू झाला, नायिका डोळ्यात पाणी आणून समोरून चालली, आणि मावशी न राहवून मोठ्यानं म्हणाल्या, "ज्येवलीस का गो?" नायिकेला खरंच रडू फुटलं. सगळे थांबले. मी प्रेक्षक म्हणून तिथंच दगडावर बसले होते. भावोजी मात्र माझ्याकडे वळून असे हसले, जणू त्यांना दगडाखाली हंडा सापडला. तो प्रसंग तसाच टीव्हीवर आला.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे मला त्यांच्या धंद्यातली खरी मेख कळली. एका संध्याकाळी मालिका बघताना नायिकेची आई पोळ्या लाटत होती. लाटता लाटता तिनं लाटणं मागे नेलं, पाठ खाजवली आणि पुन्हा लाटायला लागली. मी ताडकन उभी राहिले. ते मी करते! कुणी बघत नसताना करते, असा माझा समज होता. लगेच फोन लावला. "भावोजी, त्या बाईला लाटण्याची ती सवय कुणी शिकवली?" तिकडून बारीक आवाज आला, "वयनी, सगळ्यांना फार आवडलंय गो ते." मग मी लक्ष ठेवून बघायला लागले आणि दिसायला लागलं. एक आत्या आमच्या सासूबाईंसारखी बोलायच्या आधी ओठ पुसत होती. एक सावकार वाडीच्या पाटलांसारखा पानाचा देठ कानात घालत होता. महाड आणि पोलादपूरच्या निम्म्या माणसांच्या लकबी हा माणूस उचलून मुंबईला घेऊन गेला होता, आणि ती माणसं रोज टीव्हीसमोर बसून स्वतःलाच हसत होती. आमचे हे तर बोट दाखवून सांगायचे, "हा बघ, हा थांबला ना दारात, हे आपल्या बारक्यानं सांगितलंय." भाऊ दिसत नाही म्हणून हळहळणारा माणूस आता त्याला सगळ्यांच्यात बघायला शिकला होता.

गेल्याच्या मागल्या वर्षी हे गेले. सकाळी चहा पिता पिता, कुणाला न सांगता. भावोजींचं शूटिंग चालू होतं, रस्त्यात गाड्या तुंबलेल्या, ते पोचेपर्यंत दिवस कलला होता. खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. भावोजी आत आले, पण कुणाला हलवलं नाही. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट ह्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं. ते खिडकीपाशी गेले आणि एक दार लोटून घेतलं. म्हणाले, "डोळ्यांवर येतंय त्याच्या." तेवढंच. तेराव्यापर्यंत राहिले, सगळं केलं, पण भावाविषयी एक शब्द काढला नाही. नंतर फोनवरही माझ्या गोळ्यांची चौकशी, टाकीच्या गळतीची चौकशी, ह्यांचं नाव नाही. मला राग यायचा. अख्ख्या महाराष्ट्राला रोज संध्याकाळी रडवणारा माणूस, आणि सख्ख्या भावासाठी दोन वाक्यं नाहीत?

काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी बिरड्याचे वाल सोलत टीव्हीसमोर बसले होते. नायिकेच्या शेजारी नवे काका राहायला आले होते. नट कुणी वयस्कर, टक्कल पडलेला. आमच्या ह्यांचे केस शेवटपर्यंत दाट होते, दिसण्यात काही म्हणजे काही साम्य नव्हतं. काका दारात आले, चपला काढल्या आणि पायाच्या अंगठ्यानं फिरवून रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या. माझा हात थांबला. काकांनी आत येऊन किती वाजले ते विचारलं आणि उत्तर ऐकून स्वतःच्या मनगटाकडे बघत मान हलवली, सगळ्या जगाची घड्याळं मागे पडल्यासारखी. बशीतून चहा प्यायले. आता आणखी आग्रह नको म्हणून कप बशीत पालथा घातला. आणि निघताना दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. एस.टी.त कंडक्टरनं दोन घंटा दिल्या की गाडी निघते. कंट्रोलर झाल्यावरही आमचे हे घरातून बाहेर पडताना चौकटीवर दोन घंटा दिल्याशिवाय कधी निघाले नाहीत.

फोन मी लावला की त्यांनी, आता आठवत नाही. भावोजी म्हणाले, "बघितलंस?" मी म्हटलं, "हो." मला पुढे एकच सुचलं. मी विचारलं, "उद्या आहेत का?"

"उद्या आहे," ते म्हणाले. "शुक्रवारी पण आहे."

त्यानंतरचे दिवस मी फार सुखात काढले, हे लाज न बाळगता सांगते. संध्याकाळची कामं आधी उरकायची आणि बसायचं. काका यायचे, चहा प्यायचे, जायचे. बाजारात ती भाजीवाली मला म्हणाली, "तोंड येगळं हाय गो, पन मानूस त्योच हाय." मला वाटायचं हे असंच चालू राहील. पण मालिकेचं जग निराळं. एका दुपारी भावोजींचा मेकअपच्या खोलीतून फोन आला. चॅनेलच्या लोकांचं म्हणणं पडलं होतं की शेजारचे काका कथा पुढे नेत नाहीत. ते कुणाचं लग्न मोडत नाहीत, कुणाला विष घालत नाहीत, वारसाहक्काचा दावा लावत नाहीत, नुसता चहा पितात. तेव्हा त्यांना झटका आणून मारावं, म्हणजे निदान आठवडाभर रडारड करता येईल. भावोजींनी आजवर चॅनेलच्या सांगण्यावरून किती माणसं मारली असतील याला गणती नाही. जुळ्या बहिणी मारल्या, नवरदेव बोहल्यावर मारला, एकाला तर मारून, जिवंत करून पुन्हा मारला. कधी हूं की चूं केलं नाही. पण त्या दुपारी त्यांचा आवाज त्या हाफपँटीतल्या पोराचा झाला होता. "वयनी, मला नाय जमणार. मी सांगितलंय, मारायचा असंल तर दिग्दर्शक दुसरा आणा."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, आणू."

मी हादरले. या मालिकेवर त्यांचं घर चाललं होतं, आणि मुंबईत दिग्दर्शकांना तोटा नाही हे मलाही कळत होतं. मला ते काका हवे होते, पण भावोजींच्या पोटावर पाय देऊन नको होते. मी म्हटलं, "अहो, मारायलाच कशाला पाहिजे? नोकरदार माणूस आहे ना तो? बदली करा त्यांची." मग भावोजी म्हणाले, "बदली चालेल बहुतेक. कुठं करू?"

"लांब नको," मी म्हटलं. "पोलादपूरला करा. जाऊन येऊन करता येईल."

भावोजी हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचं ते हसणं बिघडलं. ह्यांच्या जाण्यानंतर मी त्यांना रडताना पहिल्यांदा ऐकलं. मीही आवरलं नाही. त्यांना कुणीतरी बाहेरून हाका मारत होतं, "सर, शॉट रेडी," आणि सर काही जाईनात.

बदली झाली. काकांनी निरोप घेतला, "पोलादपूर काय, इथंच आहे," असं म्हणाले आणि गेले. त्या नटाला दुसऱ्या मालिकेत आजोबांचं काम लागलं, असं भावोजी म्हणाले. मला वाटलं, संपलं. मी सवयीनं बघत होते इतकंच. पण परवा नायिकेकडे मुंबईहून एक पाहुणा आला, बॅग खांद्यावर तशीच, धापा टाकत. टेबलावर बशीत एक कप पालथा होता. नायिका तो उचलता उचलता म्हणाली, "काका आत्ताच गेले. जरा आधी आला असतात तर भेट झाली असती." कॅमेरा क्षणभर पाहुण्याकडे बघत राहिला, आणि मग कथा आपली पुढे गेली.

मी त्या प्रसंगाविषयी भावोजींना काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोन करून एवढंच म्हटलं, की शिमगा जवळ आलाय, वाडीत पालखी आपल्या दारात येईल तेव्हा तुम्ही हवेत, मला आता एकटीला घाट चढवत नाही.

"येतो ना," ते म्हणाले. "त्या दिवशी फक्त सकाळचं थोडं शूटिंग आहे. ते उरकून निघतो."

"नको," मी म्हटलं. "शूटिंग राहू द्या, भावोजी. सकाळच्या पहिल्या गाडीनं या."

ते म्हणाले, "बरं. पहिल्या गाडीनं येतो."